चाळिशीपर्यंत ‘अज्ञान’: फ्रेड्रिका ब्रेमेरची ‘हेर्ता’ मूळ स्वीडिशमधून वाचताना

सप्टेंबर २०२३ ते मे २०२४. १८५६ सालची एक स्वीडिश कादंबरी पहिल्या पानापासून परिशिष्टापर्यंत वाचायला एवढे दिवस लागले. त्यातले जवळजवळ दोन महिने चुकीच्या टोकाने सुरुवात केल्यामुळे फुकट गेले. एसएफआयचा, म्हणजे स्थलांतरितांसाठीच्या स्वीडिश वर्गांचा, डी कोर्स संपला, वर्तमानपत्र बऱ्यापैकी कळायला लागलं, आता एखादं जुनं पुस्तक मुळातून वाचावं असं वाटणाऱ्या मराठी माणसाला हे दोन महिने वाचवता यावेत, म्हणून सगळं क्रमाने लिहिलं आहे.

पुस्तक फ्रेड्रिका ब्रेमेरचं. जन्म १७ ऑगस्ट १८०१, फिनलंडमध्ये ओबू शहराजवळ. तेव्हा फिनलंड स्वीडनचाच भाग होता. ती तीन वर्षांची असताना कुटुंब स्टॉकहोमला आलं, आणि थोड्याच काळात वडिलांनी शहराच्या दक्षिणेला ओर्स्ता नावाची वाडी विकत घेतली. स्वीडनमध्ये कादंबरी रोजच्या घरात, जेवणाच्या टेबलाशी आणून बसवली ती हिने. सेल्मा लागरलोफ आपल्याकडे नोबेलमुळे निदान नावाने ठाऊक असते. ब्रेमेर तिच्या आधीच्या दोन पिढ्यांतली, आणि १८४० च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत तिची पुस्तकं घराघरांत वाचली जात होती.

सप्टेंबर. पहिली चूक म्हणजे थेट ‘हेर्ता’ उघडणं. लिटरातुरबांकेन या संकेतस्थळावर ब्रेमेरची पुस्तकं फुकट आहेत, मूळ छापील पानांच्या चित्रांसकट. खातं उघडावं लागत नाही, पैसे नाहीत. लेखिका १८६५ साली वारली, त्यामुळे हक्कांचा प्रश्नच नाही. पुस्तक मिळायला दोन मिनिटं लागली आणि पहिली दहा पानं वाचायला आठवडा. कारण शब्द अवघड आहेत हे नव्हे, शब्द ओळखूच येत नाहीत. स्वीडिशची शुद्धलेखन पद्धत १९०६ साली बदलली. त्याआधी ‘व’ हा एकच ध्वनी चार तऱ्हांनी लिहीत: नुसता व्ही, कुठे एच-व्ही, कुठे एफ-व्ही, शब्दाच्या शेवटी नुसता एफ. ‘वाद’ म्हणजे ‘काय’, हा शाळेत पहिल्या दिवशी शिकलेला शब्द इथे एचने सुरू होतो. ‘क्विन्ना’ म्हणजे स्त्री, हा क्यू-व्हीने.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते आणि ती आधी कळली असती तर बरं झालं असतं. पुस्तकात शोध घेताना आजच्या स्पेलिंगने शोधलं तर काहीच सापडत नाही. स्त्रीप्रश्नावरच्या कादंबरीत ‘स्त्री’ हा शब्द एकदाही नाही असं यंत्र शांतपणे सांगतं. के काढून क्यू-व्ही घातलं की ओळीच्या ओळी समोर येतात. शिवाय यंत्राने वाचलेल्या मजकुरात ए आणि ओ या अक्षरांच्या डोक्यावरची टिंबं-वर्तुळं इकडची तिकडे झालेली असतात. म्हणून वाक्य विचित्र वाटलं की मजकुरावर डोकं आपटण्याआधी शेजारचं पानाचं चित्र बघावं. निम्म्या वेळा कोडं तिथेच सुटतं.

दुसरी अडचण क्रियापदांची. आज स्वीडिशमध्ये ‘मी आहे’ आणि ‘आम्ही आहोत’ यांना क्रियापद एकच. ब्रेमेरच्या काळात लेखी भाषेत अनेकवचनाचं रूप वेगळं होतं, आणि भूतकाळात तर ते पार वेश बदलून येतं. कोर्सच्या पुस्तकात ही रूपं शिकवत नाहीत. मराठी माणसाला खरं तर हे जड जाऊ नये. आपण ‘गेला, गेले, गेली, गेल्या’ झोपेतही बोलतो. नेहमीची वीसेक रूपं एका कागदावर लिहून तो पुस्तकाशेजारी ठेवला आणि तिसऱ्या आठवड्यात कागद बघावा लागेनासा झाला. शब्दांसाठी स्वीडिश अकादमीचा मोठा ऐतिहासिक कोश फुकट उपलब्ध आहे. त्याचा पहिला खंड १८९८ चा आणि शेवटचा २०२३ चा! मात्र तिथे एकेका शब्दाखाली पानभर अर्थ आणि उदाहरणं असतात. घाईत असाल तर बुडून जाल. १८५० च्या सुमाराचा दालीनचा कोश जास्त सोयीचा, कारण तो ब्रेमेरच्याच काळातला आहे आणि अर्थ दोन ओळींत देतो.

ऑक्टोबर. ‘हेर्ता’ बाजूला ठेवून १८३७ ची ‘ग्रान्नार्ने’ म्हणजे ‘शेजारी’ हातात घेतली. इथूनच सुरुवात करा असं ठामपणे सांगते. ही पत्रांतून उलगडणारी कादंबरी आहे. फ्रान्सिस्का नावाची नवी नवरी मैत्रिणीला सासरच्या गोष्टी कळवते: घर, स्वयंपाक, नवऱ्याच्या सवयी, पाहुणे. शब्द घरातले, वाक्यं बोलल्यासारखी. तासाला चार पानांवरून महिन्याभरात दहा-बारा पानांवर येता येतं. त्यातली सावत्र सासू, जिला सगळे फ्रेंचमध्ये ‘माझी लाडकी आई’ म्हणतात, ती सेनापतीची विधवा. हिशेब, नोकर, जमीन, सगळं तिच्या मुठीत. तेव्हा ती मला फक्त विनोदी, हुकूमशहा म्हातारी वाटली. ती एवढा कारभार कशाच्या जोरावर करू शकते हे जानेवारीत कळलं, त्याबद्दल पुढे.

१८३९ ची ‘हेम्मेत’ म्हणजे ‘घर’ मी अर्धीच वाचली. न्यायाधीशाचं कुटुंब, घरभर मुली, आणि त्यांत मोठ्या नाकाची, सारखी धडपडणारी पेत्रेआ. ब्रेमेरने स्वतःलाच तिथे बसवलं आहे असं मानतात. वेळ कमी असेल तर पेत्रेआ जिथे जिथे येते ती पानं वाचा, बाकीचं सोडलं तरी चालेल.

नोव्हेंबर-डिसेंबर चरित्रात गेले. थोडक्यात ओळख हवी असेल तर स्वीडिश महिलांचा ऑनलाइन चरित्रकोश आहे, त्यात स्वीडिश आणि इंग्रजी दोन्ही मजकूर मिळतो, अर्धा तास पुरतो. नीट समजून घ्यायचं असेल तर कारीना बूर्मान यांचं २००१ चं चरित्र. ते जुन्या पुस्तकांच्या बाजारातून १४० क्रोना आणि टपालाचे ६६ असं मिळालं. तिची पत्रं क्लारा योहान्सन आणि एलेन क्लेमान यांनी १९१५ ते १९२० दरम्यान चार खंडांत छापली. ती आमच्या गावच्या ग्रंथालयात नव्हती. इथे ‘फ्येर्लोन’ म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयातून मागवण्याची सोय असते. आधी लीब्रिस या देशभराच्या सामाईक सूचीत पुस्तक कुठे आहे ते बघायचं, नोंदीचा क्रमांक टिपायचा आणि तोच अर्जात लिहायचा. नुसतं नाव लिहून दिलेला माझा पहिला अर्ज ‘कोणता खंड?’ या प्रश्नासह परत आला आणि आठवडा गेला. दुसऱ्या अर्जानंतर पहिला खंड नऊ दिवसांत आला. आमच्याकडे शुल्क नव्हतं. काही नगरपालिका थोडं घेतात.

पत्रं आणि चरित्र शेजारी ठेवल्यावर तिच्या आयुष्याचे सांधे दिसू लागतात. कडक वडील, आणि मुलींनी बाहेर हिंडू नये असा शिरस्ता. हातपाय हलवायचे असतील तर खुर्चीची पाठ धरून जागच्या जागी उड्या मारा, असं मुलींना सांगितलं जाई. हा प्रसंग वाचला की तिच्या कादंबऱ्यांतल्या बैठकीच्या खोल्या एकदम लहान होतात. ओर्स्ताच्या आसपासच्या गरिबांना, आजाऱ्यांना मदत करायला हातात पैसा हवा म्हणून तिने लिखाण छापायचं ठरवलं. १८२८ साली पहिलं पुस्तक निघालं, निनावी. मालिकेचं नाव ‘रोजच्या जगण्यातली रेखाटनं’. त्याच मालिकेतल्या ‘ह— कुटुंब’ या कादंबरीने नाव झालं आणि १८३१ साली स्वीडिश अकादमीने सुवर्णपदक दिलं. १८३० मध्ये वडील वारले होते. पदक मिळालं तेव्हा ती तिशीच्या उंबरठ्यावर होती, आणि कायद्याने अज्ञान.

इथे थांबायला हवं, कारण सगळी ‘हेर्ता’ या एका शब्दावर उभी आहे. स्वीडिशमध्ये ‘म्युंदिग’ आणि ‘ऊम्युंदिग’. शब्दकोशात पाहून ‘प्रौढ’ आणि ‘अल्पवयीन’ असं केलं की अर्थ हातातून निसटतो, कारण प्रश्न वयाचा नव्हताच. १७३४ च्या स्वीडिश संहितेप्रमाणे अविवाहित बाई कितीही वयाची झाली तरी पालकाच्या ताब्यात. लग्न झालं की ताबा नवऱ्याकडे. विधवा मात्र स्वतःच्या मालकीची. कोर्टकचेरीच्या मराठीत यासाठी नेमके शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत: सज्ञान आणि अज्ञान. सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) असा शेरा पाहिलेल्या कुणालाही पुढचं वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. पन्नाशीच्या बाईच्या नावापुढे जन्मभरासाठी अ.पा.क. लागलंय अशी कल्पना करा.

जानेवारी. पुन्हा ‘हेर्ता’. या वेळी सुरुवात शेवटापासून. कादंबरीला जोडलेल्या परिशिष्टात स्त्रियांच्या सज्ञानतेसंबंधीचे त्या काळातले खरे खटले दिले आहेत. आधी ते वाचा. गद्य रुक्ष आहे पण लहान आहे, आणि त्यातले शब्द पुढे कथेत जागोजागी भेटतात. मी परिशिष्ट आणि काही प्रकरणं मिळून ४८ पानं छापून घेतली. ग्रंथालयात पानाला २ क्रोना, म्हणजे ९६. समासात लिहायला कागद हवाच.

तीन शब्द आधी पक्के करून घ्यावे लागतात. ‘फोर्म्युंदारे’ म्हणजे पालक, पैसा आणि मालमत्ता सांभाळणारा. ‘यिफ्तूमान’ म्हणजे मुलीचं लग्न लावून देण्याचा हक्क ज्याच्याकडे आहे तो. आपला कन्यादानाचा अधिकारी म्हटलं तर फार चुकणार नाही, फक्त त्याची ‘नाही’ कायद्याने चालते. आणि ‘मोल्समान’ म्हणजे बायकोच्या वतीने बोलणारा नवरा. हे तिन्ही एकाच माणसाचे अधिकार समजून वाचलं तर निम्मे प्रसंग अनाकलनीय होतात. बापाची आडकाठी कधी पैशाला आहे आणि कधी लग्नाला, हे वेगवेगळं धरून वाचावं लागतं.

हे कळलं तेव्हा ‘शेजारी’मधली ती दराऱ्याची सासूही उमगली. ती विधवा आहे! अख्ख्या कादंबरीत स्वतःच्या सहीने व्यवहार करू शकणारी बाई तीच. ब्रेमेरने हे कुठेही समजावून सांगितलेलं नाही. तिच्या वाचकांना ते सांगायची गरज नव्हती.

आता कथा. हेर्ता फाल्क, तिच्या बहिणी, आणि संचालक फाल्क हा बाप. आईकडून मुलींना आलेला पैसा त्याच्या हातात, आणि तो सोडायला तयार नाही. थोरली आल्मा, आवडत्या माणसाशी लग्न करायला बापाने संमती दिली नाही म्हणून झुरून मरते. गावाला आग लागते, इंग्वे नावाचा तरुण हेर्ताच्या आयुष्यात येतो, आणि मग सुरू होते वर्षानुवर्षं लांबलेली वाट पाहणी. हेर्ता मुलींसाठी शाळा काढते. लग्न होतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. मध्येच एक लांबलचक स्वप्न आहे, त्यात हेर्ता स्त्रियांना मोकळीक कुठे आहे ते शोधत देशोदेशी फिरते. भाषेच्या दृष्टीने हे प्रकरण सगळ्यात कठीण: लांब वाक्यं, बायबलचे शब्द, रूपकांवर रूपकं. माझे सोळा दिवस त्यात गेले. कंटाळा आला तर ते शेवटी वाचायला ठेवा, कथेचा धागा तुटत नाही.

मेरी हॉविट हिने केलेलं इंग्रजी भाषांतर त्याच वर्षी, १८५६ मध्येच निघालं. अडलं तर ते उघडायला हरकत नाही, पण कायद्याचे शब्द प्रत्येक वेळी मूळ पानावर ताडून पाहावेत.

खरं मत सांगायचं तर कादंबरी म्हणून ‘शेजारी’ सरस आहे. ‘हेर्ता’त माणसं भाषणं करतात. बाप काळाकुट्ट, मुलगी उजळ. पण भावा-बापाच्या सहीशिवाय स्वतःचा पैसाही काढता न येणारी माणसं घरात दुसरं काय करणार, भाषणंच करणार, असंही वाटत राहतं. मार्चमध्ये ब्रेमेरचा स्वतःचा अर्ज वाचनात आला तेव्हा तक्रार जरा मवाळ झाली.

तो अर्ज असा. १८५८ पूर्वी अविवाहित बाईला सज्ञान व्हायचं असेल तर वाट एकच: राजाकडे विनंती. म्हणजे हक्क नव्हे, मेहेरबानी. भावाने घरचा पैसा उधळला, तेव्हा १८४० साली फ्रेड्रिका आणि तिची बहीण आगाथे या दोघींनी राजा कार्ल चौदावा योहान याच्याकडे अर्ज केला, आणि तो मंजूर झाला. तोपर्यंत तिच्या कादंबऱ्या परदेशात भाषांतरित होऊ लागल्या होत्या. सज्ञान झाल्यावर काय केलं, तर १८४९ मध्ये एकटीने अमेरिका गाठली, दोन वर्षं हिंडली, दक्षिणेतली गुलामगिरी आणि क्यूबा डोळ्यांनी पाहिलं. ‘नव्या जगातली घरं’ हे त्या प्रवासाचं पुस्तक आगाथेला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात आहे. फ्रेड्रिका घरी पोचेपर्यंत आगाथे गेली होती. पंडिता रमाबाईंचं अमेरिकेचं प्रवासवृत्त वाचलेल्यांनी हे पुस्तक शेजारी ठेवून वाचावं. एकीने १८५० चं अमेरिकेतलं घर पाहिलं, दुसरीने चाळीसेक वर्षांनंतरचं.

एप्रिल महिना ‘मग कायदा बदलला का?’ या प्रश्नात गेला. बऱ्याच ठिकाणी ‘हेर्तामुळे कायदा बदलला’ असं एका ओळीत लिहिलेलं सापडतं. तारखा एकाखाली एक लिहिल्या की गोष्ट एवढी सरळ राहत नाही. भाऊ-बहिणींना वारशात समान वाटा १८४५ सालीच मिळाला होता. अविवाहित स्त्रियांच्या सज्ञानतेचा विषय संसदेत आधीपासून होता. पुस्तक ऐन वादाच्या मधोमध येऊन पडलं आणि त्या चर्चेला ‘हेर्ता-वाद’ असं नावच पडलं. ब्रेमेर तेव्हा देशात नव्हती. १८५६ मध्ये ती जी निघाली ती स्वित्झर्लंड, इटली, पॅलेस्टाइन, ग्रीस करत १८६१ मध्ये परतली. तिच्या पाठीमागे १८५८ चा कायदा झाला: पंचवीस वर्षांवरची अविवाहित बाई न्यायालयात तसं कळवून सज्ञान होऊ शकते. म्हणजे अर्ज राहिला, फक्त राजाऐवजी न्यायालयाकडे. १८६३ मध्ये अर्जही गेला, पंचविशी ओलांडली की आपोआप सज्ञान. पुरुषांइतकं, म्हणजे एकविसाव्या वर्षी, व्हायला १८८४ उजाडलं. आणि लग्न झालेली बाई? तिला १९२० च्या विवाह संहितेपर्यंत थांबावं लागलं. या चार सालांचा कागद पुस्तकात खूण म्हणून ठेवा, कारण १८५८ आणि १८६३ यांची गल्लत सगळेच करतात. सुरुवातीला मीही केली होती.

मे. घर पाहायला जायचं तर एक गंमत लक्षात ठेवा. स्टॉकहोममध्ये ओर्स्ता दोन. एक शहरातच, सोडरमाल्मच्या दक्षिणेला. तिथलं जुनं घरही प्रसिद्ध आहे, पण ते मेर्ता हेलेना रेएन्स्तिएर्ना या रोजनिशी लिहिणाऱ्या बाईचं. ब्रेमेरचं ओर्स्ता तिथून दूर, शहरापासून तीसेक किलोमीटर दक्षिणेला, हानिंगे नगरपालिकेत. घोळ वाढवायला लोकल ट्रेन ‘ओर्स्ताबेर्ग’ नावाच्या स्थानकावर थांबतेच. पहिल्या खेपेला मी तिथे उतरले आणि दोन तास भलतंच घर शोधलं. ओर्स्ताबेर्गला बसून राहायचं, त्याच गाडीने वेस्टरहानिंगेपर्यंत जायचं, तिथून बस. २०२४ मध्ये एका तिकिटाला ४२ क्रोना पडत आणि ते ७५ मिनिटं चालत असे. बसची वेळ जुळवली तर एकाच तिकिटात भागतं, शनिवार-रविवारी मात्र बस कमी. वाडा सतराव्या शतकातला, आणि भोवती आता गोल्फचं मैदान. आतलं काही पाहायचं असेल तर निघण्याआधी फोन करून विचारा. बाहेरून घर, झाडं आणि खालची बाल्टिकची खाडी पाहायला कुणी अडवत नाही.

कबर ओस्टरहानिंगेच्या चर्चच्या आवारात आहे. ‘ओस्टर’ म्हणजे पूर्व आणि ‘वेस्टर’ म्हणजे पश्चिम. देवनागरीत टिपण काढताना माझी या दोन गावांची अदलाबदल झाली होती, म्हणून मूळ अक्षरांतच लिहून घ्या. ३१ डिसेंबर १८६५ ला ती ओर्स्तालाच वारली. पुतळा हवा असेल तर शहरात, हुम्लेगोर्देन बागेत, सिग्रिद फ्रिदमान या शिल्पकर्तीने केलेला, १९२७ चा. राष्ट्रीय ग्रंथालय त्याच बागेत आहे, त्यामुळे एका फेरीत दोन्ही होतं.

हिशेब: चरित्र २०६, छपाई ९६, दोन खेपांची जाऊन-येऊन चार तिकिटं १६८. एकूण ४७० क्रोना, तेव्हाच्या दराने साधारण ३,७०० रुपये. ओर्स्ताबेर्गला उतरलं नसतं तर ८४ वाचले असते. पत्रांचा तिसरा खंड अजून आलेला नाही. अर्जात या वेळी खंड क्रमांक लिहिला आहे.